अर्ध्यावर कापलेला फ्लोरिन

ज्याला मी दर भाऊबीजेला ओवाळलं, त्यानं माझ्या जावेची गोष्ट चोरली. नुसती चोरली असती तर दोन शिव्या हासडून मी गप्प बसले असते. शिकवण्याच्या धंद्यात कोण कोणाचं उचलत नाही? पण त्यानं ती गोष्ट मधोमध कापली आणि वाईट अर्धी तेवढी तिच्या पदरात टाकली. चांगल्या अर्धीचं काय केलं ते पुढं सांगते. सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या.

मी वसमतला अकरावी-बारावीच्या पोरापोरींना ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते. सासर कुरुंद्याच्या बाजूला, घरची हळद. सकाळी जीपनं वसमत, संध्याकाळी परत. बाकी सगळं पोरांच्या गळी उतरतं, पण फ्लोरिन आला की वर्ग मेंढरासारखा माझ्याकडं बघत बसायचा. एका एवढ्याशा अणूनं काय होतंय, हेच त्यांना पटायचं नाही. हायड्रोजन काढला, फ्लोरिन बसवला. दोघं मापानं जवळपास सारखे, रेणूला दाटीवाटीसुद्धा होत नाही. तरी त्या रेणूचा स्वभाव बदलतो. काहून बदलतो, ते कसं सांगायचं?

एके दिवशी वैतागून मी म्हणाले, "चला आमच्या घरी. माझी थोरली जाऊ दाखवते. पुस्तक न उघडता फ्लोरिन कळंल."

वर्ग खो खो हसला, आणि मग मला सगळं सांगणंच भाग पडलं.

माझ्या थोरल्या जावेला आम्ही अक्का म्हणतो. हाडापेरानं बारीक, पण जिथं बसेल तिथं सगळं तिच्याकडं सरकायला लागतं. पंगतीत बुंदीचं ताट तिच्यापुढंच येऊन थांबणार. शेजारणीच्या दारातलं शेणखत कधी आमच्या उकिरड्यावर आलं, ते शेजारणीलाही कळणार नाही. आणि टँकरची गोष्ट तर अख्ख्या गावाला पाठ आहे. उन्हाळ्यात टँकर गल्लीत शिरला की पाईपाचं तोंड अक्काच्या हौदात. एकदा ड्रायव्हर पाईप ओढायला आला, तर ही बाई पाईपावरच मांडी घालून बसली, आणि बसल्या बसल्या त्यालाच विचारलं, "जेवलास का रे, बाबा?"

"आता शिरक्यात बघा," मी पोरांना सांगायचे. "शिरका म्हणजे व्हिनेगर, त्यात असतं ते ॲसिटिक ॲसिड. गरीब बिचारं, लोणच्यात घालून आपण खातो. त्याच्या शेपटीच्या कार्बनवर तीन हायड्रोजन असतात. ते काढा आणि तिथं तीन अक्का बसवा." तीन फ्लोरिन मिळून इलेक्ट्रॉन आपल्याकडं ओढतात. ती ओढ एका कार्बनमधून दुसऱ्याला, तिथून ऑक्सिजनला पोचते. पलीकडच्या टोकाचा हायड्रोजन सैल होतो आणि चटकन सुटतो, आणि तो गेल्यावर मागं जो भार उरतो तोही ही ओढच सांभाळून घेते. झालं. जे ॲसिड जिभेवर चालत होतं ते आता कातडी जाळतं. फ्लोरिननं त्या हायड्रोजनला हातसुद्धा लावलेला नसतो. अंतर वाढलं की ओढ कमी होते, म्हणून शेजारणीला तकलीफ जास्त आणि खालच्या आळीला कमी, हे मी जोडून सांगायचे. आणि बसला की हा उठत नाही. कार्बनशी त्याचा बंध इतका घट्ट, की औषधं बनवणारे मुद्दाम फ्लोरिन बसवतात. लिव्हर जिथून औषध कुरतडायला लागतं तिथं हा ठाण मांडून बसला की औषध शरीरात जास्त टिकतं.

इथवर पोरं हसत हसत लिहून घ्यायची. मग मी फळ्यावर षटकोन काढायचे, बेंझीनची रिंग, आणि त्यावर एकटा फ्लोरिन बसवायचे. तिथंही तो ओढतोच, स्वभाव कुठं जातोय! पण त्याच्याजवळ स्वतःच्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या असतात, आणि रिंगेला गरज पडली की त्यातली एक तो आत सरकवतो. क्लोरिन-ब्रोमिनही देतात, पण त्यांचा हात मोठा, कार्बनच्या हातात नीट बसत नाही. फ्लोरिनचा हात कार्बनच्याच मापाचा, म्हणून त्याचं देणं बराबर पोचतं. रिंगेवर नवीन येणारा कुठं बसणार, हे त्या देण्यावर ठरतं, ओढण्यावर नाही.

आणि मग मी अक्काचं देणं सांगायचे. लग्न होऊन आले तेव्हा माझी एमएस्सी अर्धवट होती. सासरे म्हणाले, झालं तेवढं बस. घरात कोणाचं तोंड उघडलं नाही, माझ्या नवऱ्याचंही नाही. अक्का चुलीपुढून उठली. "तिच्या वाटणीचं काम मी करते. पोरगी शिकून राहिली तर शिकू द्या," म्हणाली. त्या दिवसापासून माझं धुणं, माझं शेण, हळद काढणीतली माझी ओळ, सगळं तिनं ओढलं. पहाटेच्या जीपआधी भाकर फडक्यात बांधून हातात द्यायची. आणि गावात कोणाला कळू दिलं नाही. धाकटी शिकून राहिली आणि थोरली राबून राहिली, असं दिसलं असतं तर लोकांनी सासऱ्यांना टोचून टोचून माझं शिक्षण बंद पाडलं असतं. मी पोरांना म्हणायचे, "ओढणं सगळ्या गावाला दिसतं. देणं फक्त रिंगेला कळतं."

हे सगळं अक्काला विचारून होतं बरं का. पहिल्याच दिवशी घरी येऊन मी तिला सांगितलं, तुला फ्लोरिन केलंय. ती तोंडात पदर धरून हसली. मग म्हणाली, "सांग की. नाव घेऊ नको. पर ओढते म्हणलंस की देते बी म्हण. अर्धं सांगून उठलीस तर तंगडं मोडीन." तास संपो, लाईट जावो, दुसरी अर्धी सांगितल्याशिवाय मी कधी वर्ग सोडला नाही.

आता तो. सेनगावच्या पलीकडच्या एका खेड्यातला, माझ्याहून लहान, एमएस्सी करून नोकरीसाठी वणवण फिरत होता. मी त्याला माझ्या क्लासमध्ये घेतलं. फिजिकल आणि इनऑरगॅनिक तो शिकवायचा. मला सख्खा भाऊ नाही. पहिल्याच दिवाळीत तो म्हणाला, "ताई, मला बी बहीण न्हाई," आणि पाटावर येऊन बसला. काय सांगू, मला रडू आलं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला ताट असायचं आणि वाढायची अक्का. आमटीतली भाजी खाली बसते म्हणून त्याच्यासाठी डाव तळापर्यंत घालायची. माझा फ्लोरिनचा तास असला की तो शेवटच्या बाकावर येऊन बसायचा. म्हणायचा, "ताई, तुमच्यासारखं कोणी सांगत न्हाई." अक्कानं जेवताना त्यालाही बजावलं होतं, "सर, तुमी कधी माझी गोष्ट सांगितली तर पुरी सांगा." तो म्हणाला होता, "व्हय अक्का, पुरीच."

पुढं तो नांदेडला गेला. मोबाईलवर शिकवणारी एक मंडळी होती, त्यांनी बोलावलं. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. पोरगं पुढं जाऊन राहिलं, जाऊ दे. निघताना पाया पडला. मी डोक्यावर हात ठेवला, तो हात आता मला परत पाहिजे.

हळद शिजवून अंगणात वाळत टाकली होती. बायका हळकुंडं आणि गड्डे निवडत बसल्या होत्या, अक्का त्यांच्यात, मी क्लासला सुट्टी म्हणून सूप घेऊन कडेला. एका बाईची पोरगी बारावीला. बाई म्हणाली, "पोरगी हे सर लई बघती, ऐका की, लई हासवतात." आणि तिनं मोबाईल लावला. आवाज ऐकताच अक्काचं तोंड फुललं. "आपले सर!" म्हणाली.

सर बोलत होते. "मित्रांनो, माझ्या ओळखीत एक बाई आहे. दिसायला एवढीशी. पण सगळं स्वतःकडे ओढते." बुंदीचं ताट आलं. शेणखत आलं. मग टँकर आला, पाईप आला, पाईपावरची मांडी आली, "जेवलास का रे, बाबा" सुद्धा आलं, अक्काच्याच ठेक्यात. बायका आधी हसल्या, मग एकेक मान अक्काकडं वळली. कोणी तरी म्हणालं, "अगं माय, ही तर आपली अक्काच की!"

अक्काही हसत होती. हातातलं हळकुंड तसंच धरून ती वाट बघत होती, आणि कशाची ते मला माहीत होतं. शिरका झाला, तीन फ्लोरिन झाले, औषधं झाली. मग सर म्हणाले, "तर अशा लोकांपासून सावध राहा," आणि गाणं वाजलं.

"झालं?" अक्कानं विचारलं.

"झालं की," बाई म्हणाली.

अक्कानं टोपलं उचललं आणि घरात गेली.

गावाला काय, निमित्तच पाहिजे. आठवडा गेला नसेल, अक्काची फ्लोरिनबाई झाली. ज्यांना फ्लोरिन खातात का पितात ठाऊक नाही ते म्हणायला लागले, "सरका, फ्लोरिनबाई आली." टँकर आला तर ती रांगेच्या शेवटी एक घागर घेऊन उभी राहायची. ज्या बाईला रांग म्हणजे काय माहीत नव्हतं! मी घागर घ्यायला गेले तर दिली नाही.

"तू शिकवलंस त्याला असं?" तिनं विचारलं.

"न्हाई अक्का. तू बी तर त्याला सांगितलं होतंस, पुरी सांग म्हणून."

"मग त्याला म्हणावं, दुसरी अर्धी सांग. माझीच म्हणून सांग. पहिली सगळ्या गावानं ऐकलीय, दुसरी बी ऐकू दे." मी तिला शब्द दिला. एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिच्या हक्काचं होतं.

मी त्याचे व्हिडिओ शोधायला बसले. कदाचित रिंगेचा भाग वेगळा असेल, असं मनाला समजावत होते. होता की! बेंझीन, वर एकटा फ्लोरिन, इलेक्ट्रॉनची जोडी, कार्बनच्या मापाचा हात, माझा शब्द न् शब्द. आणि मग सरांचा आवाज दाटला. "माझी आई," सर म्हणाले, "गावाला कडक वाटते. पण मला शिकवायला घरात फक्त ती एकटी उठली. चुलीपुढून उठली आणि म्हणाली, त्याच्या वाटणीचं काम मी करते. पहाटे फडक्यात भाकर बांधून द्यायची." डोळे पुसले सरांनी. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. मी फोन भिंतीवर आपटणार होते, पण फोन माझा होता.

म्हणजे ओढणारी ती अक्का, आणि देणारी ह्याची आई! मेल्या, आमच्या घरची भाकर तू खाल्लीस, तेवढी पुरली नाही का? गोष्टीतली बी उचललीस?

मी फोन लावला. आधी गोड बोलला. मग म्हणाला, "ताई, गोष्ट कोणाची हे कोण बघून राहिलं? शिकवायचं साधन हाय ते. आई म्हणलं की लोक शेवटपर्यंत बघतात. जावेचं कोण ऐकतं?"

"आन पाईपावरची बाई कोणाची?"

"नाव कुठं घेतलं मी अक्काचं?"

"नाव ठेवायला काय बाकी ठेवलंस? गावात तिला फ्लोरिनबाई म्हणून राहिले."

"बघतो ताई, टाकतो एखादा व्हिडिओ," म्हणाला. त्यानंतर माझा फोन उचलणं त्यानं बंद केलं. फ्लोरिनची एक खोड मी पोरांना नेहमी शेवटी सांगायचे. एवढा घट्ट बंध, पण रिंगेवर नायट्रोसारखे जबर ओढणारे बसवले, की क्लोरिन-ब्रोमिन धरून सगळ्या हॅलोजनांत आधी हाच जागा सोडून निघतो. कारण त्याच्यामुळं तिथला कार्बन इतका उघडा पडतो, की बाहेरचा सरळ त्याच्यावरच चाल करून येतो. आता ते वाक्य आलं की माझी जीभ अडखळते.

त्या वर्षी वर्गात रिंग शिकवायला घेतली. अक्काची भाकर सांगायला लागले तर पुढच्या बाकावरची पोरगी निरागसपणे म्हणाली, "मॅडम, तुमी सरांच्या आईची गोष्ट सांगून राहिल्या का?" मी खडू खाली ठेवला. माझ्याच वर्गात मी चोर ठरले, आता बोला! घरी येऊन हे सगळं अक्काला सांगितलं, व्हिडिओही दाखवला. तिनं तो शेवटपर्यंत बघितला.

"चल त्याच्या घरी," ती म्हणाली. "सणाला येईलच तो. मायपुढं विचारू. मायपुढं माणूस खोटं बोलत न्हाई." आमच्याकडं कोर्टापेक्षा हेच मोठं मानतात. मलाही ते पटलं. पाडव्याला आम्ही एसटीनं हिंगोली गाठलं, तिथून सेनगाव, तिथून जीप. वाटेत मी काय काय बोलायचं ते घोकत होते, अक्का खिडकीबाहेर बघत होती.

तो घरी नव्हता, बाहेर गेला होता. त्याची आई ओसरीवर तूर निवडत होती. थकलेली, एका डोळ्यानं अधू. आम्ही कोण ते सांगितलं तर तिला काय करू आणि काय नको झालं. पाणी दिलं, गूळ दिला, आणि आपणच सुरू झाली. "बाई, माझ्या लेकरानं मला कुठं नेऊन बसवलं बघा! मी पहाटे उठून भाकर बांधून द्यायची म्हणे. शेजारच्या पोरांनी मोबाईलवर दाखवलं. मला तर काही आठवत न्हाई, मी तर सालभर दुसऱ्याच्या रानात असायची, लेकरू मामाकडं वाढलं. पर सगळे म्हणून राहिले तर केलं असंल मी. काल सरपंचाची बायको पाया पडून गेली." तिनं पदरानं डोळा पुसला. "माझ्या मनाला लई खात होतं, लेकरासाठी मी काही केलं न्हाई म्हणून."

मी बोलायला तोंड उघडलं. घोकलेलं सगळं जिभेवर होतं. अक्कानं माझा हात दाबला.

"व्हय माय," अक्का म्हणाली. "आमी बी ऐकलं. लई केलं तुमी लेकरासाठी."

मला अक्काचा असा राग आला की विचारू नका. घराबाहेर पडताच मी ओरडले, "काहून? ते तुझं होतं! त्यासाठीच आलो ना एवढ्या लांब?"

"माझं होतं, मी दिलं," अक्का म्हणाली. "तुझं काय करायचं ते तू बघ. त्याला माफ कर असं मी म्हणून न्हाई राहिली." आणि ती झपाझप रस्त्याकडं चालायला लागली.

तेवढ्यात समोरून त्याची मोटरसायकल आली. आम्हाला बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. अक्का त्याच्याजवळून तशीच पुढं गेली, मान वळवून बघितलंही नाही. मी थांबले. वाटलं, आता पाया पडेल, रडेल, निदान जेवलात का म्हणून विचारेल.

"ताई," तो म्हणाला, "आईला काही सांगितलं का?"

"न्हाई."

त्यानं श्वास सोडला. मी बघितलं, त्याचे खांदे खाली आले, तोंडावर रंग परत आला. एवढीच भीती होती त्याला. आमची काहीच नव्हती.

"आजपासून मला ताई म्हणू नको," मी म्हणाले. आता तरी काही बोलेल, असं वाटलं.

"बरं, मॅडम," तो म्हणाला.